पत्र्याला विचारलं का?

“ताई, पत्र्याला इचारलं का?”

नोकरीच्या पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी मला हे विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. मी नवीकोरी क्वालिटी इन्स्पेक्टर, डिप्लोमा होऊन जेमतेम दोन महिने झालेले, खिशाला पेन, हातात जाडी मोजायचा व्हर्नियर. पत्र्याच्या गठ्ठ्यावर ‘दोन एमएम’ असं ठळक लेबल होतं, ते मी वहीत उतरवून मोकळी झाले होते. मिस्त्रींनी उजव्या हाताचा अंगठा पत्र्याच्या कडेवरून हळूच ओढला, करंजीची कड दाबत न्यावी तसा, आणि म्हणाले, “एक पंच्याऐंशी. लेबल छापनारा पत्र्याला कवा भेटलाय?”

मी तावातावाने व्हर्नियर लावला. एक पंच्याऐंशी. दुसऱ्या टोकाला लावला, तिथे एक शहाऐंशी. माझं तोंड एवढंसं झालं. मिस्त्री म्हणाले, “त्या टोकाला बघायचं माझं राह्यलं,” आणि मशीनकडे गेले.

साताऱ्याच्या एमआयडीसीत आमचं वर्कशॉप. विजेची पॅनेलं ज्या लोखंडी कपाटांत बसवतात, ती कपाटं आम्ही करतो. तुमच्या इमारतीच्या जिन्याखाली धोक्याची कवटी चिकटवलेलं करडं कपाट असतं ना, तसली. तुम्ही कवटी बघून लांब होता, मी जवळ जाऊन कडा बघते. सवय जडलीय, काय करणार. त्या कडा वाकवणारं मशीन म्हणजे बेंडिंग मशीन. खाली खाच असलेली डाय, वर पात्यासारखा पंच, मधे पत्रा. पायाने पेडल दाबलं की वरून कित्येक टनांचा दाब येतो आणि पत्रा वाकतो. कुठे वाकवायचा, किती वाकवायचा, आधी कुठली कड आणि नंतर कुठली, हे सगळं मशीनच्या कॉम्प्युटरला आकड्यांत सांगावं लागतं. ते सांगणारे आमचे मिस्त्री.

“पत्रा लय मानी असतोय,” ते म्हणायचे. “नव्वद अंशाला दाबला, की पंच वर गेल्याबरोबर दोन अंश मागं येतो. म्हनून अठ्ठ्याऐंशीला दाबायचा, तवा नव्वद मिळतो. कोन किती मागं येनार, ते ज्येचं त्येला ठावं. त्येलाच इचारायचं.”

कॉम्प्युटरलाही ते गणित येतं हो, पण पुस्तकातल्या पत्र्याचं. प्रत्यक्षात आलेला गठ्ठा वेगळाच निघतो. मिस्त्री अंगठा फिरवून, पहिला तुकडा वाकवून, त्याच्या कोपऱ्यात तोच अंगठा घालून सांगायचे, “अर्धा अंश कमी पडला.” मी कोनमापक लावायची. अर्धा अंशच असायचा. दीड वर्ष मी त्यांना चुकताना पकडायचा प्रयत्न केला. माझी नोकरीच ती होती. शेवटी नाद सोडला.

ते रहिमतपूरचे. वडील ट्रंका करायचे. आसपासच्या गावांत पोरगा फौजेत भरती झाला, की घरचे आधी त्यांच्या दुकानात ट्रंक सांगायला यायचे. काळा रंग, झाकणावर पांढऱ्या अक्षरांत नाव आणि नंबर. मिस्त्री सातवीतून शाळा सोडून तिथेच बसले. रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा आणि लाकडी मोगरी, एवढ्यावर पत्रा वळवायला शिकले. पुढे ट्रंका बाजारात तयार मिळू लागल्या आणि हे एमआयडीसीत आले. कॉम्प्युटरवालं मशीन आलं तेव्हा पुण्याचा इंजिनिअर चार दिवस शिकवायला आला होता. चौथ्या दिवशी तोच मिस्त्रींना विचारून आकडे टाकत होता म्हणे. हे मिस्त्रींनीच सांगितलेलं, तेव्हा मीठमसाला धरून चाला.

आता त्यांच्या लग्नपत्रिकांबद्दल सांगते. एकेका कपाटाला दहा-बारा कडा असतात. क्रम चुकला की शेवटची कड वाकवताना आधीचीच कड पंचावर आपटते आणि अख्खा पत्रा वाया. हल्लीची पोरं स्क्रीनवर चित्र फिरवून क्रम ठरवतात. मिस्त्री जुनी लग्नपत्रिका घ्यायचे, कात्रीने कोपरे कापायचे आणि नखाने एकेक घडी घालत कपाटाचं इवलंसं मॉडेल करायचे. क्रम पत्रिकेवर जमला, की मग मशीनमध्ये टाकायचा. “वहीचा कागद लेचापेचा,” म्हणायचे, “पत्रिकेला अंग असतंय.” त्यांच्या खिशात कायम चार-पाच पत्रिका. गणपतीच्या सोंडेवर घडी, ‘आपले आगमनाभिलाषी’च्या मधोमध घडी. वर्कशॉपात कुणाचंही लग्न ठरलं की पहिली पत्रिका मिस्त्रींना. “जाड छापा बरं का,” पोरं एकमेकांना सांगायची, “न्हाईतर मिस्त्री जेवायला येनार न्हाईत.”

पण त्यांचा एक नियम होता. लग्न लागल्याशिवाय पत्रिकेला घडी घालायची नाही. “अपशकुन हुतो,” म्हणायचे. पत्रिका आली की दोन्ही हातांनी घ्यायचे, कपाळाला लावायचे आणि वरच्या खिशात ठेवायचे. लग्न पार पडलं, जेवून आले, की ती खालच्या खिशात. हा नियम त्यांनी कधी मोडला नव्हता.

माझं माहेर सांगलीचं. नोकरीसाठी मी साताऱ्यात मावशीकडे राहत होते आणि लग्नही साताऱ्यातच ठरलं. पत्रिका छापून आल्या, पहिली मिस्त्रींना दिली. कपाळाला लावली, वरच्या खिशात ठेवली, सगळं रीतसर. चार दिवसांनी त्यांच्या टेबलावरचं एक मॉडेल मी सहज उचललं. त्याच्या बाजूवर माझं नाव होतं. ‘चि. सौ. कां.’वर घडी आणि नवऱ्याच्या नावाचा अर्धा भाग कात्रीने उडालेला. लग्नाला अजून नऊ दिवस होते.

“मिस्त्री! काय केलंत हे?” मी एवढ्या जोरात ओरडले की पलीकडचं वेल्डिंग थांबलं. मला रडूच फुटलं. अपशकुन वगैरे मी मानत नाही, पण या माणसाने माझ्या पत्रिकेची ही गत करावी?

“काय झालं ताई?”

“माझी पत्रिका आहे ती!”

त्यांनी ते मॉडेल माझ्या हातातून घेतलं, घड्या उलगडल्या, आणि कागद डाव्या डोळ्याजवळ नेला. दोन बोटं अंतर राहिलं असेल. मान तिरकी केली, कागद उजेडाला धरला, पुन्हा डोळ्याला चिकटवला. ओठ हलत होते आणि शब्द काही लागत नव्हता. मी रडायची थांबले.

“पोरी,” ते म्हणाले, “मला वाटलं मागल्या म्हैन्यातली हाय.”

तोपर्यंत त्यांनी मला ‘ताई, तुमी’ म्हटलं होतं. त्या दिवसापासून ‘पोरी’ झाले.

दुपारच्या चहाला पेंटिंगच्या शेडमागे त्यांनी सगळं सांगितलं. उजव्या डोळ्यापुढे वर्षभर धुरकट पडदा, डाव्यात काळ्या माश्या फिरल्यासारखं. मी विचारलं, मग स्क्रीनवरचे आकडे? “स्क्रीन कोन बघतंय? बटनं बोटांना पाठ हायत.” आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गेले कित्येक महिने, “ताई, तेवढा आकडा वाचा, चष्मा घरी राह्यला,” असं चाललं होतं. रोज कुणाचा चष्मा घरी राहतो? आणि मी बावळट, रोज वाचत होते.

“मिस्त्री, डॉक्टरला दाखवा.”

“दाखवायचं काय त्यात? मोतीबिंदू हाय. आमच्या अब्बांनाबी हुता. कवाबी काढता येतो.”

“मग काढा ना आता.”

“डोळ्याची चिठ्ठी हापिसात गेली की मशीन गेलं. मला पॅकिंगला बसवतील गं, पुठ्ठ्याची खोकी चिकटवायला.” पुठ्ठा हा शब्द त्यांनी असा उच्चारला की मला हसू आलं. ते हसले नाहीत. “नोकरीची तीन वर्सं राह्यल्यात माझी. मशीनवरनं घरी जाऊ दे मला. मंग काढतो मोतीबिंदू. तवर कुनाला बोलू नगंस.”

मी हो म्हटलं. नुकतीच त्यांच्यावर ओरडले होते, त्याचं वाईट वाटत होतं. आणि खरं सांगते, मला ते बरंही वाटलं. वर्कशॉपातला सगळ्यात मोठा कारागीर एकट्या माझ्या भरवशावर उभा होता. मोतीबिंदूच असणार, असं मीही स्वतःला पटवलं. कुठलाही पत्रा लेबलावर सोडायचा नाही हे ज्या माणसाने मला शिकवलं, त्याचे डोळे मी लेबलावर सोडून दिले.

तेव्हापासून आमची जोडी जमली. मी आकडे वाचायची, ते बटणं दाबायचे. त्यांच्या बोटांची मला भारी धास्ती होती, पण बोटं कधी पंचाच्या वाटेत गेली नाहीत. ऑफिसात म्हणायचे, क्वालिटीच्या मॅडम बेंडिंगला चिकटूनच असतात, मिस्त्रींचा एकही पीस सोडत नाहीत. त्या वर्षी आमच्या सेक्शनचा सगळ्यात कमी माल नापास झाला. दोघांचा सत्कार झाला, नारळ मिळाला.

वर्षातून एकदा कंपनीत आरोग्य तपासणी व्हायची. कॅन्टीनच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता लावायचे, एक डोळा झाकून वाचायचा. त्या दिवशी सकाळी मिस्त्रींचा चेहरा उतरला होता. “पोरी, तुझा लंबर आधी हाय न्हवं? भितीवरची अक्षरं कंची कंची हायत, बघून येतीस?”

मी गेले. पाच ओळी होत्या. पाठ केल्या, मशीनपाशी येऊन सांगितल्या. त्यांनी बोटांच्या पेरांवर मोजत दोनदा म्हणून घेतल्या. “बारा कडांचा प्रोग्रॅम डोक्यात राहतोय, ह्या पाच वळी काय?” मग गेले, डोळा झाकला आणि घडाघडा म्हणून दाखवलं. वर शेवटच्या ओळीला मुद्दाम अडखळले. “हितलं जरा अंधुक हाय साहेब, वय झालं.” तपासणारा हसला आणि कार्डावर लिहिलं, नजर ठीक. आम्ही शेडमागे जाऊन पोट दुखेपर्यंत हसलो. त्या ईदला मला शीरखुर्म्याचा वेगळा डबा आला.

दुसऱ्या वर्षीही तसंच केलं. तक्ता तोच होता.

मग नवीन मशीन आलं. मालकांनी हौसेने घेतलं, पूजा केली, पंचाला हळदीकुंकू लावलं. पहिला पीस अर्थातच मिस्त्रींच्या हातून. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. पत्र्यावर अंगठा ओढला, “एक पंच्याण्णव,” म्हणाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी हात आकडे टाकायला पुढे केला आणि तिथे बटणंच नव्हती. नुसती गुळगुळीत काच. काचेवरच सगळं उमटायचं, बोट लावलं की चालायचं.

त्यांची बोटं काचेवर फिरत राहिली. इकडे लागलं की एक पान उघडायचं, तिकडे लागलं की दुसरं, मशीन टुंग टुंग करायचं. कंपनीचा इंजिनिअर म्हणाला, “काका, तिथे नाही, इथे दाबा.”

“कुठं?”

“अहो इथे. हे काय, हिरवं.”

मी तीन पावलांवर होते. आकडा मी वाचून दाखवला असता, पण काचेवरची जागा कशी वाचून दाखवायची? “मिस्त्री, वर, डावीकडं,” मी म्हटलं. त्यांचा हात उजवीकडे गेला. कुणीतरी पाठीमागे खिदळलं, त्याला वाटलं म्हातारा घाबरलाय. मग मिस्त्रींनी हात खाली घेतला आणि शर्टाला पुसला.

“मालक,” ते म्हणाले, “मला दिसत न्हाई.”

मालक माणूस वाईट नाही. त्यांनी भरपगारी सुट्टी दिली, सांगलीला दाखवून या म्हणाले. माझ्या भावाने तिथल्या डोळ्यांच्या दवाखान्यात नंबर लावला. मी साताऱ्याला पॅसेंजरमध्ये बसले, रहिमतपूरला मिस्त्री आणि भाभी, त्यांची बायको, चढले. मिस्त्री भलतेच खुशीत होते. एकदाचं सगळं उघड झालं याची सुटका वाटत असावी. डब्याच्या खिडकीवर अंगठा फिरवून म्हणाले, “दीडचा पत्रा. रंगच लय दिलाय.” भाभींना सांगत होते, ईदला काळा चष्मा लावून येतो बघ नमाजाला, हिरोवानी.

डोळ्यांत थेंब घातले, अंधारात बसवलं, दोन-तीन मशीनवर बघितलं. मग डॉक्टरीणबाईंनी आम्हाला आत बोलावलं. त्या म्हणाल्या, मोतीबिंदू नाहीये हा. साखरेने डोळ्याचा मागचा पडदा खराब झालाय, आत रक्त उतरलंय. उजवा गेलाच. डाव्याला इंजेक्शनं देऊन बघू, पण फार आशा ठेवू नका.

“मंग दिसायला कवा लागंल?” मिस्त्रींनी विचारलं. त्यांना कळलंच नव्हतं. बाईंनी पुन्हा सगळं सांगितलं, हळू.

नंतर कागद चाळत त्या वैतागून म्हणाल्या, “दोन वर्षांपूर्वी आला असतात तर लेझरने डावा नक्की वाचला असता हो. कंपनीत वर्षाला डोळे तपासत नव्हते का?”

“तपासत हुते की,” मिस्त्री म्हणाले. “दरसाल पास झालोय.”

त्यांनी माझं नाव घेतलं नाही. आवाजात टोमणाही नव्हता. भाभी माझ्याकडे बघून म्हणाल्या, “व्हय, कार्ड हायत घरी. नजर ठीक लिवलंय.” मी फरशीकडे बघत बसले. तिथेच सांगून टाकायला हवं होतं, मला ते जमलं नाही.

परतीच्या गाडीत भाभींना डुलकी लागली, तेव्हा मी म्हटलं, “मिस्त्री, मी तुमचे डोळे घालवले.”

“गप,” ते म्हणाले. कराड गेल्यावर म्हणाले, “तिला बोलू नगंस. जेवान सोडंल ती.”

अजून मी भाभींना सांगितलेलं नाही. आजही त्या पहिलं ताट मला वाढतात आणि म्हणतात, तू हुतीस म्हनून यांचं तितकं दिस निभावलं. नापास मालावर लाल फुली मारायची, एवढंच माझं काम होतं हो. आयुष्यात एकदाच ती मारायला हवी होती तिथे मी मारली नाही.

डावा डोळाही पुढच्या ईदपर्यंत गेला. मी दोन-तीन महिन्यांनी रहिमतपूरला जाते. ते दारात वडिलांच्या एका जुन्या ट्रंकेवर बसलेले असतात. पावलावरून ओळखतात, “आली विन्स्पेक्टर.” वर्कशॉपचं सगळं विचारतात. नव्या पोरांना नावं ठेवायला त्यांना फार आवडतं आणि मीही त्यासाठी दारूगोळा साठवून नेते.

मागच्या खेपेला मी एक तुकडा नेला. नव्या मशीनवर नव्या पोराने वाकवलेला, हातभर लांब. नव्वदचा हवा होता, त्याने पुस्तकातला आकडा टाकला, पत्रा मागे आला आणि कोन त्र्याण्णव निघाला. मीच नापास करून लाल फुली मारली आणि भंगाराच्या पिंपातून उचलून पिशवीत टाकला. म्हटलं, मिस्त्रींचा अंगठा लागला की लगेच ओरडतील, “ह्यो काय आनलास, त्र्यान्नव! पत्र्याला इचारलं न्हाई कुनी!” मला ते ओरडणं ऐकायचं होतं. वाटेत गाडीत मी एकटीच हसत होते.

मी गेले तेव्हा भाभी त्यांच्या हाताला मलम लावत होत्या. चहाचा कप कानाला न धरता बुडाशी धरला, तळवा भाजला, तरी पत्ता नाही म्हणाल्या. “बोटाला काय कळंनाच झालंय यांच्या. साखर हातातबी उतरती म्हनं.” मी ते ऐकलं, पण माझ्या डोक्यात तो तुकडा होता.

“मिस्त्री, बघा काय आणलंय.”

त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पत्रिका घ्यायचे तसा. चेहरा उजळला. कडेवरून अंगठा ओढला. मग कोपऱ्यात घातला, मान तिरकी केली, पुन्हा ओढला. एकदा, दोनदा, तीनदा. पूर्वी त्यांना एकदाच लागायचं.

“नव्वद,” ते म्हणाले. “बरोब्बर नव्वद. कुनी केला? हात चांगला हाय.”

लाल फुली माझ्याच बाजूला होती.

“नव्या पोराने,” मी म्हटलं.

“तू तपासलास न्हवं?”

“तपासला मिस्त्री. नव्वदच आहे.”

“मंग पास,” ते म्हणाले आणि तो तुकडा त्यांनी ट्रंकेवर, आपल्या मांडीशेजारी, नीट ठेवला.